झटका मशीन आणि सिरीजचा बल्ब

शेताच्या तारेत 'डायरेक्ट' करंट सोडला आणि त्यात माणूस गेला, ही बातमी आपल्याकडे आता इतक्या वेळा येते की वाचणारा पान उलटतो. रानडुकरासाठी तार लावलेली असते. पहाटे मोटार चालू करायला निघालेला शेजारी अडकतो, नाहीतर लावणाराच अडकतो. मग गावातली आणि शहरातली शहाणी माणसं ठरलेलं बोलतात. अडाणीपणा, बेफिकिरी, कडक कारवाई झाली पाहिजे वगैरे. मला मात्र दर वेळी भलताच प्रश्न पडतो. ह्या माणसाकडं आधी झटका मशीन होतं का? आणि होतं, तर ते बंद कधी पडलं?

माझं मत सरळ सांगून टाकतो. माणसं एकदम उठून तारेत लाईट सोडत नाहीत. आधी काहीतरी बरं केलेलं असतं, ते बिघडतं, बिघाड सापडत नाही, दोन रात्रीत अर्धा एकर ऊस आडवा होतो, आणि तिसऱ्या रात्री हात आकड्याकडं जातो. त्यामुळं बिघाड शोधता येणं ही नुसती हौस किंवा कसब नाही, त्या दोन रात्रींत ती माणसाला वाचवणारी गोष्ट आहे. हे लिहायचं कारण घरातलंच आहे, ते पुढं येईलच.

पुण्या-मुंबईच्या आणि त्याहून लांबच्या नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडं सांगतो. झटका मशीन म्हणजे शेताभोवतीच्या तारेत ठराविक अंतरानं उच्च दाबाचा एक छोटासा ठोका सोडणारी पेटी. घरी बनवलेल्या पेटीत साधारण असं असतं: १२ व्होल्टची बॅटरी, तिच्यावर चालणारा छोटा इन्व्हर्टर (बाजारात मिळणारा साधा ट्रान्सफॉर्मर उलटा लावलेला), त्यातून डायोड लावून ३०० व्होल्टच्या आसपास डीसी, आणि तो साठवायला एक कपॅसिटर. सेकंदाला एकदा ५५५ नंबरचा आयसी एससीआरच्या गेटला टोचतो, एससीआर दार उघडतो, आणि कपॅसिटरमधलं सगळं गाडीच्या इग्निशन कॉइलमध्ये रिकामं होतं. कॉइलच्या दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्टचा ठोका निघतो. मोटारसायकलच्या सीडीआयमध्ये हेच चालतं. तिथं प्लगमध्ये ठिणगी पडते, इथं डुकराच्या नाकाडाला बसते.

आता गंमत बघा. हजारो व्होल्ट म्हटलं की माणूस घाबरतो आणि २३० व्होल्ट म्हटलं की 'घरातलीच लाईट' वाटते. हिशोब मात्र उलटा आहे. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० व्होल्टला भरला तर त्यात ०.४५ ज्यूल ऊर्जा मावते. एका ठोक्यात जास्तीत जास्त तेवढीच बाहेर पडणार, तीही मिलिसेकंदाच्या हिशोबात, आणि मग सेकंदभर शांतता. त्या सेकंदात जनावर मागं सरतं, माणूस हात काढून घेतो. कुंपणाच्या मशीनचं आंतरराष्ट्रीय मानक ठोक्याला ५ ज्यूलपर्यंत परवानगी देतं आणि दोन ठोक्यांत किमान एक सेकंद अंतर मागतं. उलट ओल्या रानात अनवाणी उभ्या माणसाच्या अंगाचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टवर त्याच्यातून २३० मिलिअँपिअर जातात. म्हणजे सेकंदाला ५० ज्यूलच्या वर, आणि न थांबता. स्नायू आखडतात, तार सोडता येत नाही. 'व्होल्टेज मारत नाही, करंट मारतो' हे वाक्य प्रत्येक वायरमन तोंडपाठ म्हणतो, पण ते अर्धंच आहे. किती करंट आणि किती वेळ, आणि त्यामागं तो पुरवत राहणारं काय आहे, हे सगळं मिळून मारतं. पेटीमागं एक छोटा कपॅसिटर आहे. डायरेक्ट तारेमागं अख्खा ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्याच्यामागं कोयना.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत पॅनेल आणि कंट्रोलच्या कामात आहे. (कुपवाड म्हणजे सांगली आणि मिरजेच्या मधलं. १९९८ साली महापालिका झाली तेव्हा नावात तिसरं लागलं, आणि लोक बोलताना अजूनही तेच गाळतात. असो.) ह्या भागात घरटी कुणीतरी फौंड्रीत, लेथवर नाहीतर रिवाइंडिंगला असतो. त्यामुळं गावाकडं काहीही बंद पडलं की ते पिशवीत बसून कुपवाडला येतं. पंख्यापासून पंपाच्या स्टार्टरपर्यंत सगळं येतं. गेल्या काही वर्षांत झटका मशीनं यायला लागली. ऊस वाढला, रानडुक्कर वाढलं. शिराळ्याच्या बाजूला तर चांदोलीचं जंगल लागूनच आहे, कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला तो हाच. गवे खाली उतरायचे ते आधी वारणाकाठापुरतं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये एक गवा थेट सांगलीच्या मार्केट यार्डात येऊन उभा राहिला, तेव्हा शहरवाल्यांनाही पटलं.

तर आमच्या दाजींचं शेत त्याच वारणेच्या बाजूला. भाचा डिप्लोमाला आहे. त्यानं स्वतः पेटी बनवली होती आणि मला त्याचं कौतुकच आहे. बनवलेली पेटी महिनाभर चालली आणि मग तिनं एक विचित्र आजार काढला.

"मामा, संध्याकाळी लावलं की टिक-टिक करतंय, आन् तासाभरानं बघावं तर गप. सकाळी बंद करून चालू केलं की परत टिक-टिक."

आता ह्यात गावात जो तो आपापलं निदान करतो. बॅटरी गेली. कॉइल गेली. आयसी डुप्लिकेट आहे. भाच्यानं बॅटरी बदलली, कॉइल बदलली, आयसी तीनदा बदलला. पार्ट बदलत बसणं म्हणजे बिघाड शोधणं नव्हे, हे मला फार दिवसांपासून सगळ्यांना सांगायचंय. पार्ट बदलून मशीन चालू झालं तर कशामुळं चालू झालं ते कळत नाही, आणि नाही झालं तर खिसा हलका होतो.

पेटी माझ्या टेबलावर आली. भाच्यानं झाकण काढलं आणि सवयीनं स्क्रू ड्रायव्हर घेऊन कपॅसिटरची दोन टोकं जोडायला गेला, 'रिकामा करतो' म्हणून. ही सवय मी दिसेल तिथं थांबवतो. मोठा आवाज होतो, टोक वितळतं, डोळ्याकडं कण उडतो, आणि एवढं करून तो खरंच रिकामा झाला की नाही हे आपण मीटर लावून बघतच नाही. रिकामा करायचा तो रोधातून. त्याहून बरं म्हणजे १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला १ मेगाओहमचा रोध कायमचा लावून ठेवायचा. बॅटरी काढल्यावर दहा सेकंदांत दाब एक तृतीयांशाच्या आसपास येतो, पन्नास सेकंदांत दोन-तीन व्होल्टवर. एक मिनिट थांबायचं, मग मीटर लावायचा, मग हात. 'मामा, एवढा वेळ कुणाकडं हाय?' असं भाच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

दुसरी गोष्ट, कॉइलचं मोठ्या दाबाचं टोक मोकळं सोडून मशीन चालवायचं नाही. ठोक्याला बाहेर वाट मिळाली नाही की तो कॉइलच्या आतच वाट काढतो, आणि मग कॉइल खरोखर जाते. टोकापासून अर्थपर्यंत ठराविक फटीचा रस्ता ठेवायचा, हात लांब. आणि साध्या मल्टिमीटरची टोकं त्या बाजूला न्यायचीच नाहीत. तो ६०० नाहीतर १००० व्होल्टपर्यंतचा आणि समोर काही हजार. शिवाय मिलिसेकंदाचा ठोका त्याला दिसतही नाही. मीटर मरतो आणि माहिती शून्य.

मग बघायचं काय? माझ्या मते ह्या पेटीत बघण्यासारखी एकच जागा आहे, ती म्हणजे कपॅसिटर. तिथं काट्याचा जुना मीटर लावला. डिजिटल मीटर ह्या कामाला कुचकामी आहे, आकडे नुसते नाचतात. काटा मात्र गोष्ट सांगतो. हळूहळू वर चढला, टिक झालं की खाली पडला, परत चढला. म्हणजे इन्व्हर्टर ठीक, डायोड ठीक, टायमर ठीक, एससीआर ठीक. दोन तास टेबलावर गुणी पोरासारखं चाललं. अशा वेळी आपल्याकडं 'इथं चालतंय, तिकडं तुमचंच काहीतरी चुकतंय' म्हणून मशीन परत करायची पद्धत आहे. ती चूक आहे. टेबलावर चालतं आणि रानात चालत नाही, तर रानात आणि टेबलावर फरक काय, हा प्रश्न विचारायचा.

फरक दोन निघाले. रानात बॅटरीवर सोलर पॅनेल, म्हणजे संध्याकाळी बॅटरी गच्च भरलेली. आणि पेटी दिवसभर उन्हात. माझ्या टेबलावरची बॅटरी म्हातारी आणि खोली सावलीतली. तेव्हा बॅटरी काढून सप्लाय लावला, १४ व्होल्टला नेला, आणि पेटी दुपारची शेडच्या दारात उन्हात ठेवली. कुपवाडचं एप्रिलचं ऊन, वेगळा हीटर लागत नाही. पाऊण तासात टिक-टिक थांबली. काटा तळाशी, दीड-एक व्होल्टवर चिकटून बसलेला. ट्रान्सफॉर्मर मात्र जोरात गुणगुणत होता.

भाच्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मशीन चालू झाल्यावर सुद्धा नव्हता. बिघाड हुकमी घडवता आला की निम्मं काम झालं.

कारण असं. एससीआर एकदा उघडला की गेटवरचा हात काढला तरी उघडाच राहतो. त्याच्यातून वाहणारा करंट एका मर्यादेखाली गेला तरच तो मिटतो. कपॅसिटर रिकामा झाल्यावर करंट संपावा आणि दार मिटावं अशी योजना असते. पण इन्व्हर्टर मागून ढकलतच असतो. बॅटरी उतरलेली असली तर तो कमी ढकलतो, दार मिटतं, सगळं ठीक. बॅटरी भरलेली असली तर तो मर्यादेपेक्षा जास्त ढकलतो, आणि दार उघडंच राहतं. त्यात एससीआर तापला की ती मर्यादा आणखी खाली येते. म्हणजे मशीन अशक्त होतं म्हणून बंद पडत नव्हतं, अंगात ताकद जास्त झाली म्हणून बंद पडत होतं! बॅटरी नवी आणली तेव्हा आजार वाढला होता तो ह्यामुळंच. भाच्यानं नाजूक गेटचा छोटा एससीआर वापरला होता, थोड्या करंटवरही उघडा राहणारा. त्या जागी मोठा लावला आणि इन्व्हर्टर व कपॅसिटरच्या मध्ये एक रोध घातला. खर्च दोघांच्या चहा-वड्याएवढा.

पण हे सगळं व्हायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांतली एक गोष्ट मला विसरता येत नाही. तिसऱ्या दिवशी दाजींचा फोन. डुकरांनी बांधाकडच्या सात-आठ सऱ्या उलट्या-पालट्या केल्या होत्या. आवाज अगदी साधा, हवापाण्याचं बोलावं तसा.

"मशीन हुईपर्यंत एक रात डायरेक्ट लावतो. सिरीजला बल्ब घालतो की. काय हुत न्हाई."

दाजी अडाणी नाहीत. तालुक्याच्या गावी नोकरी करून निवृत्त झालेला, पेपर रोज वाचणारा माणूस. पोराबाळांवर जीव असलेला. बेफिकीर तर अजिबात नाहीत, उलट बल्ब घालायचं सुचलं ते काळजीपोटीच. आणि हा बल्ब त्यांचा एकट्याचा नाही. ह्या कल्पनेवर विश्वास असणारी निम्मी माणसं आमच्या धंद्यातली आहेत. आम्ही दुरुस्त केलेली वस्तू पहिल्यांदा लाईटवर लावताना सिरीज बोर्डवर लावतो, मध्ये १०० वॅटचा बल्ब असतो. आत शॉर्ट असला तर बल्ब भकदिशी पेटतो आणि वस्तू वाचते. वस्तू वाचते, हे नीट लक्षात घ्या. माणूस वाचायची सोय त्यात नाही.

मी फोनवरच दाजींना गणित घातलं. १०० वॅटच्या बल्बचा पूर्ण पेटल्यावरचा रोध ५२९ ओहम, थंड असताना त्याच्या कितीतरी कमी. पुढं माणूस १००० ओहमचा. २३० भागिले १५२९, म्हणजे १५० मिलिअँपिअर, आणि बल्ब नीट पेटणारच नाही म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. दाजी म्हणाले, मग झिरोचा बल्ब घालतो. बरं. १५ वॅटचा झिरो बल्ब धरा, रोध साडेतीन हजार ओहम. २३० भागिले साडेचार हजार, म्हणजे पन्नासेक मिलिअँपिअर. घरातला आरसीसीबी (ज्याला आपण अजून ईएलसीबीच म्हणतो) ३० मिलिअँपिअरला पडतो, तो उगाच नाही. माणसाला तार सोडता येण्याची हद्द त्याच्याही खाली आहे. आणि शेतातल्या मोटारीच्या लाईनवर असला आरसीसीबी कुणी बसवलेला मी तरी बघितलेला नाही. एमसीबी असतो, तो अँपिअरमध्ये मोजतो. माणूस गेला तरी त्याला पत्ता लागत नाही.

दाजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आन् मशीन कवा देणार?"

हा प्रश्न मला जास्त बरोबर वाटला. कारण नुसतं 'लावू नका' म्हणून डुक्कर थांबत नाही.

ही भानगड आपल्याच मातीतली आहे असं समजायचं कारण नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात खेड्यांत वीज पोचायला लागली आणि शेतकऱ्यांनी हेच केलं. घरच्या घरी कुंपणं बनवली, बल्ब सिरीजला लावले, माणसं आणि जनावरं मेली. त्यातूनच लोक मोजायला लागले. अंडररायटर्स लॅबोरेटरीज ह्या तपासणी संस्थेनं १९३९ साली विजेच्या कुंपणाचा झटका ह्याच विषयावर व्हिटेकर ह्यांचा अहवाल काढला. पुढं कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स डॅल्झिल ह्या प्राध्यापकानं तर स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन किती करंटपर्यंत ती सोडता येते ते मोजलं. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर आली, बायकांची साडेदहा. ह्याच डॅल्झिलनं १९६१ साली गळती ओळखून लाईन तोडणारं यंत्र केलं, आपल्या आरसीसीबीचं ते चुलत भावंड. आणि तिकडं न्यूझीलंडमध्ये १९६२ साली डग फिलिप्स ह्या संशोधकानं कपॅसिटर रिकामा करून ठोका देणारं कुंपण बनवलं, गवत टेकलं तरी न दमणारं. भाच्याची पेटी त्याच वंशातली. म्हणजे तारेत काय सोडावं आणि काय सोडू नये हे जगाला कळून साठ वर्षं उलटली. आमच्या बांधावर अजून १९३० साल चालू आहे.

आता ह्यावर दोन मतं मला ऐकावी लागतात. एक आमच्या शिकलेल्या मित्रांचं: असल्या गोष्टी घरी बनवूच नयेत, तयार प्रमाणित मशीन घ्यावं. मला हे तत्त्वतः मान्य आहे. ज्याला परवडतं त्यानं तेच घ्यावं. जंगलालगतच्या गावांना वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदानही मिळत आलंय, त्यासाठी जरूर खेटे घालावेत. पण तयार मशीनही बिघडतं हो! मग ते दुकानदाराकडं जातं, तो कंपनीकडं पाठवतो, आणि पुढच्या पंधरा दिवसांचं उत्तर कुणाकडंच नसतं. माझ्याच ओळखीतलं एक मशीन सोयाबीन पेरायच्या आधी गेलं ते काढणीला परत आलं. मध्ये बांधावर काय लावलं होतं, ते मी विचारलं नाही.

दुसरं मत भाच्याच्या मित्रांचं. जमतंय की, व्हिडिओ बघायचा आणि करायचं. ह्यांची ठिणगी लांब असते आणि त्यावर ते खूष असतात. इग्निशन कॉइलची ठिणगी टेबलावर बोटभर उडते, पण ती तार एकरभर फिरवली आणि दोन ठिकाणी ओलं गवत टेकलं की मलूल होते. कारण ती कॉइल दाब देते, दम देत नाही. प्लगच्या फटीसाठी केलेली वस्तू आहे ती. ह्या पोरांना टेबलावर ठिणगी काढता येते पण रानात दाब का पडला ते शोधता येत नाही, आणि मग कपॅसिटर मोठा लाव, अजून मोठा लाव, असं सुरू होतं. १०० मायक्रोफॅरड लावला की साडेचार ज्यूल झाले, हद्द आली. २०० लावला की हद्दीच्या पार. दुखणं गवतात आणि औषध पेटीत.

मी स्वतः मध्ये कुठंतरी उभा आहे. बनवा, पण बॅटरीवरच. २३० व्होल्टचा त्या पेटीशी कोणत्याही वाटेनं संबंध नको, चार्जरसुद्धा तार जोडलेली असताना लावायचा नाही. स्वस्तातल्या चार्जरचं इन्सुलेशन गेलं की तुमची साधी पेटी नकळत डायरेक्ट होऊन बसते. बॅटरी काढून घरी आणायची, भरायची, परत न्यायची. नाहीतर सोलर. आणि ज्याच्या रानावर ती पेटी आहे त्याला बिघाडाचे वाटे पाडता आले पाहिजेत: बॅटरी, पेटी, तार, अर्थ. बनवणारा पोरगा उद्या पुण्याला नोकरीला जाणार, त्याच्या मागं दाजींनाच रात्री बॅटरी घेऊन उभं राहायचंय. आयटीआयला वायरमनच्या पोरांना मोटार खोलायला लावतात तसं एकदा झटका मशीनही खोलायला लावावं, असं मला मनापासून वाटतं. सांगली-मिरजेच्या आयटीआयमधून निघालेली पोरंच गावोगाव लाईटची कामं करतात. त्यांना काट्याचा मीटर वाचता आला तर पंधरा दिवसांचं काम दोन तासांचं होईल.

पेटी घेऊन आम्ही शिराळ्याकडं गेलो तेव्हा हे वाटे दाजींकडूनच पाडून घेतले. पेटीजवळ ठोका जोरकस, शेताच्या दुसऱ्या टोकाला अगदीच नरम. दाजी म्हणाले, पेटीतच काहीतरी राहिलंय. तार पेटीजवळ सोडवली आणि एक-एक बाजू जोडत गेलो. (हे करताना दर वेळी बॅटरी काढायची. झटक्यानं माणूस मरत नाही म्हणून तो रोज खायचाही नसतो, त्यातून हृदयाला पेसमेकर असलेल्यानं तर लांबच राहावं.) ओढ्याकडच्या बाजूला तार खांबांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून बांधली होती. रबर म्हणजे इन्सुलेटर असं आपण शाळेत शिकतो, पण ट्यूबच्या काळ्या रबरात कार्बन असतो, आणि काही हजार व्होल्टला, त्यात दवानं भिजल्यावर, तो चांगली वाट देतो. सगळे तुकडे काढून प्लॅस्टिकच्या नळीचे घातले. खालचं गवत विळ्यानं कापलं.

तरी अर्थ राहिलाच होता. डुकराला झटका बसायचा तर करंट तारेतून डुकरात, डुकरातून जमिनीत आणि जमिनीतून पेटीच्या अर्थच्या सळीत परत आला पाहिजे. सळी होती हातभर, तीही खोपटाच्या भिंतीलगत, कोरड्या मुरुमात. उन्हाळ्यात तिथली जमीन जवळजवळ लाकूडच. पावसाळ्यात चाललेलं मशीन एप्रिलमध्ये रुसतं त्याचं बरंचसं कारण हे असतं. लांब सळ्या तीन, एकमेकींपासून तीन-तीन मीटरवर, पाटाच्या ओलीत ठोकल्या, घराच्या लाईटच्या अर्थपासून चांगल्या लांब. तपासायचं असं: शेताच्या लांबच्या टोकाला तार एका लोखंडी पहारीनं मुद्दाम जमिनीला टेकवायची आणि कुंपणाच्या टेस्टरनं आपल्या अर्थच्या सळीवर दाब बघायचा. सळीवरच दोन-तीनशे व्होल्टच्या वर दिसला तर अर्थ अपुरा. आधी टेस्टरचे चारही दिवे लागले होते, आता एकही लागेना. दाजींनी टेस्टर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः तीन वेळा बघितलं.

डुकरं त्यानंतर फिरकलेली नाहीत. गव्याचं मात्र वेगळं आहे. त्याच्या जाड कातड्याला आणि केसांना तार नुसती घासून गेली तर फारसं काही कळत नाही, नाक लागलं तरच लागलं. गेल्या आठवड्यात एक रात्रीत तिन्ही तारा घेऊन गेला. भाचा आता तार नाकाच्या उंचीला आणायचं म्हणतोय. दाजींनी मला फोन केला तेव्हा पहिल्यांदाच पेटीबद्दल तक्रार नव्हती. खांब कुठल्या लाकडाचे घ्यावेत, एवढंच विचारत होते.